लक्ष्मी रस्ता पादचारी करायचाय, पण विचारलं कोणाला?

तिसरी_पिढी

काल इथे एका सद्गृहस्थांनी पोस्ट टाकली, ती वाचल्यापासून डोकं फिरलंय. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: पुण्यात ११ डिसेंबरच्या पादचारी दिनाला लक्ष्मी रस्त्याचा नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा पट्टा गाड्यांविना इतका देखणा दिसतो, तर बारा महिने तसाच का ठेवत नाहीत? लोकांची मागणी आहे, लोकांनी सूचनाही दिल्यात, आडवे येतात ते फक्त "मूठभर दुकानदार".

त्या मुठीतला मी एक. आजोबांनी गाळा घेतला तेव्हापासून आमचं कापडाचं दुकान याच रस्त्यावर आहे. २०२१ साली पहिला पादचारी दिन झाला तेव्हा मी स्वतः दारात रांगोळी काढून घेतली होती. पोरं रस्त्यात खेळत होती, मलाही बरं वाटलं. संध्याकाळी गल्ला मोजला, निम्मासुद्धा नव्हता. एक दिवस हौस म्हणून ठीक आहे.

आता बस्त्याचं सांगतो. जुन्नरकडून जीप भरून बारा माणसं येतात. त्यात नवरीची आजी असते, मामा असतो, कडेवर एक पोर असतं. चार तास बसतात, दोन बोचकी बांधून नेतात. ही मंडळी हमालवाड्याच्या वाहनतळात जीप लावून (जागा मिळाली तर) बोचकी डोक्यावर घेऊन जाणार का? आणि आमचा माल? सुरतेहून आलेले गठ्ठे टेम्पोतून उतरतात, ते काय पालखीसारखे खांद्यावरून आणायचे?

आणि "लोकांना विचारलं" म्हणजे काय ते ऐका. कॉलेजातली वाटावी अशी एक मुलगी रंगीत चिठ्ठ्या घेऊन दुकानात आली. "काका, तुम्हाला इथे काय बघायला आवडेल?" फळ्यावर चार रकाने: झाडं, बाक, कारंजं, शिल्प. म्हटलं, टेम्पो कुठे उभा करायचा त्याचा रकाना कुठाय? ती गोड हसली. मी कोऱ्या चिठ्ठीवर "टेम्पो" लिहून कारंज्याच्या रकान्यात चिकटवलं. नंतर त्या फळ्याचा फोटो बघितला, माझी चिठ्ठी गायब!

तर सद्गृहस्थ, मागणी कोणाची आणि सूचना कोणाच्या, एवढं सांगा.

पायी_पायी

मीच तो सद्गृहस्थ. नमस्कार.

जगात कुठलाही रस्ता पादचारी करायला घ्या, पहिल्या दिवशी दुकानदार हेच म्हणतो. जंगली महाराज रस्त्याचे पदपथ रुंद करायला घेतले तेव्हाही "धंदा बसणार, पार्किंग जाणार" हेच चाललं होतं. आता संध्याकाळी तिथे जाऊन या, पाय ठेवायला जागा नसते.

तुमची जीप मान्य, पण रोजच्या शंभर गिऱ्हाइकांत जीपवाले किती? बाकीचे बसने, रिक्षाने, दुचाकीने येतात आणि शेवटचा टप्पा चालतातच. फक्त सध्या ते जीव मुठीत धरून चालतात. सप्टेंबर २०२४ पासून मंडईला मेट्रोचं भुयारी स्थानक आहे. २०१६ साली महापालिकेने पादचारी धोरण मंजूर केलं, त्यात चालणारा पहिला, गाडी शेवटी असा क्रम आहे. कागदावर आहे म्हणा.

आणि गल्ल्याचं म्हणाल तर एका दिवसाच्या हिशोबावर काही ठरत नाही. त्या दिवशी लोक फोटो काढायला आले होते, खरेदीला नाही. रोज तसाच रस्ता असेल तर कोण फोटो काढेल?

ता. क. चालायला जागा नाही त्याचं एक कारण दुकानांच्या पदपथावर आलेल्या पायऱ्या आणि त्यांवर उभे केलेले पुतळे. तुमच्या दुकानाला पायरी आहे का?

मानाचा_सहावा

दोघांनाही एकच आठवण करून देतो. याच रस्त्याने विसर्जन मिरवणूक जाते. मानाचे पाच आणि मागे सगळे रथ, देखावे, ढोलपथकं. शिवाय पालख्याही इथूनच. कारंजं, शिल्प, कुंड्या जे काय बसवाल ते अनंत चतुर्दशीच्या आधी उचलता आलं पाहिजे. नाहीतर आम्ही उचलू 🙂

नारायणपेठी

दुकानदार बोलतो, चालणारा बोलतो, मंडळवाला बोलतो. या रस्त्यावर दुकानांच्या वर माणसं राहतात हे कोणाच्या खिजगणतीत आहे का?

रस्ता बंद केला की गाड्या हवेत विरत नाहीत. त्या केळकर रस्त्यावर येतात, कुमठेकरवर येतात आणि तिथे तुंबल्या की आमच्या बोळात शिरतात. मग पी१ का पी२ (सम-विषम तारखेचं पार्किंग) यावरून सकाळी भांडणं. आमच्या वडिलांना रात्री अटॅक आला तेव्हा रुग्णवाहिका कोपऱ्यापर्यंतच आली. स्ट्रेचर आम्ही चौघांनी उचलून नेलं. वडील वाचले, पण ती दोनशे पावलं मी विसरणार नाही. आणि ही रस्ता चालू असतानाची गोष्ट आहे.

पायी_पायी

तुम्ही माझीच बाजू मांडताय. रुग्णवाहिका अडली ती चालणाऱ्यांमुळे का उभ्या गाड्यांमुळे? पादचारी रस्त्यावर रुग्णवाहिका बिनदिक्कत येते.

नारायणपेठी

तुमची बाजू मांडायला मी वडिलांना झोपवलं नव्हतं. जरा जपून.

चिंगी

मूळ मुद्दा बाजूला ठेवून विचारते. झाडं, बाक, कारंजं, शिल्प यांत सगळ्यात जास्त चिठ्ठ्या बाकाला पडल्या असणार, हो ना? पुण्यात नागरिकांना काहीही विचारा, उत्तर "बाक". २००६ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं मागवतात. आमच्या प्रभागात काय आलं? बाकडी! आमच्या सोसायटीच्या भिंतीला लागून चाळीस पावलांत पाच बाकडी आहेत आणि त्यांवर तीन वेगवेगळ्या माननीयांची नावं आहेत. एक तर ड्रेनेजच्या झाकणाकडे तोंड करून. एकाचं नाव खरवडून दुसऱ्याचं रंगवलंय, खालचा जुना माणूस अजून दिसतो. लोकसहभाग, लोकसहभाग करता, तो शेवटी नावासकट सिमेंटच्या बाकड्यावर येऊन बसतो.

सत्तरी_पार

बाकड्यांना हसू नका गं. मी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, दोन्ही गुडघे बदललेत. मंडईतून निघाले की तुळशीबाग करून लक्ष्मी रस्त्याला येईपर्यंत टेकायला एक जागा नाही. मी दुकानांच्या पायऱ्यांवर बसते. काही लोक बसू देतात, काही ठिकाणी आतला मुलगा "आजी, गिऱ्हाईक येतंय" म्हणतो. मग मी घरीच बसते.

पण नवीन बाक बनवणाऱ्यांना सांगा, त्या काळ्या दगडाच्या पाटासारख्या लाद्या बसवू नका. त्याला ना पाठ, ना हात. एकदा बसलं की उठायला दुसरं माणूस लागतं, आणि उन्हाळ्यात दुपारी तर तवाच.

नारायणपेठी

आजी, तुमच्यासाठी हवाच. पण आमच्या इमारतीखाली एक बाक होता. त्यावर आजी कधी बसली नाही. रात्री अकरापासून दीडपर्यंत दहा पोरं, सहा दुचाकी, रोज कोणाचातरी वाढदिवस. केकचा क्रीम भिंतीला. सगळ्यांच्या सह्या घेऊन अर्ज दिला, बाक उचलायला लावला. तेव्हा शांतता झाली.

चिंगी

वा. म्हणजे रस्त्यावर बसणारा माणूस नको म्हणून बसायची जागाच काढायची. हाच का पेठेतला लोकसहभाग? पोरांनी बसायचं कुठे? पिठाच्या गिरणीत?

नारायणपेठी

तुमच्या बेडरूमच्या खिडकीखाली बसवा. पत्ता द्या, बाक मी स्वखर्चाने पाठवतो. वर तुमचं नाव रंगवून.

मानाचा_सहावा

बाकाच्या मधोमध लोखंडी दांडा टाका. आडवं पडता येत नाही, तिघंच बसतात. विषय संपला.

सत्तरी_पार

तो दांडा उठताना धरायला बरा पडतो, हे मात्र खरं.

चिंगी

आणि ज्याला रात्री पडायला दुसरी जागाच नाही तो? हमालांपैकी कितीतरी दुपारी जेवल्यावर तासभर लवंडतात. त्यांच्यासाठी दांडा म्हणजे "चला उठा" असंच लिहिलेली पाटी.

आईची_पथारी

बाकावर तीस प्रतिसाद होतील, तेवढ्यात माझंही ऐका. माझी आई तुळशीबागेच्या तोंडाशी बावीस वर्षं पिना-क्लिपा विकते. बसते फळांच्या खोक्यावर, त्यावर गोणपाट. तिच्याकडे चिठ्ठीवाली मुलगी आली नाही. सूचनांची बैठक होती म्हणे, मंगळवारी सकाळी अकराला. त्या वेळी पथारी सोडून बैठकीला कोण जाईल? आणि गेलीच तर मागे माल कोण बघेल?

२०१४ च्या फेरीवाला कायद्यात समिती आहे, निवडून दिलेले प्रतिनिधी आहेत, सगळं आहे. पण रस्ता "सुशोभित" करायचा ठरला की पहिली उचलतात ती पथारी. नंतर तिथे कुंडी येते. सुशोभीकरणाच्या चित्रांत बघा, झाडाखाली बाक, बाकावर लॅपटॉप घेतलेली मुलगी, शेजारी कुत्रा. आई कुठाय त्यात?

तिसरी_पिढी

ताई, तुमच्या आईंबद्दल आदर आहे, पण माझ्या काचेपुढे तीन पथाऱ्या आहेत. भाड्याचा, वीजबिलाचा, जीएसटीचा भार मी उचलतो आणि गिऱ्हाइकाला माझ्या दुकानाचं दार सापडत नाही. चालायची जागा कोणी खाल्ली याचा हिशोब होऊनच जाऊ दे.

आईची_पथारी

होऊ दे ना. आपल्या काचेपुढे बसू देण्याचे रोजचे पैसे घेणारे दुकानदार या शहरात आहेत की नाहीत, ते आधी सांगा. आईने दोघांना दिलेत. पावती मागितली तर उद्यापासून येऊ नको. तुम्ही घेत नसाल. पण माहीत नाही असं म्हणू नका.

तिसरी_पिढी

मी घेत नाही. माहीत आहे.

पायी_पायी

एक मिनिट. इतकं झालंय तर मीही थोडं मागे येतो. टेम्पोची चिठ्ठी काढली असेल तर ते चूक आहे. माल उतरवायची वेळ ठरवल्याशिवाय कुठलाच बाजार पादचारी होत नाही. दिल्लीत चांदणी चौक २०२१ मध्ये असाच केला, तिथे सकाळी ९ ते रात्री ९ मोटारगाड्यांना बंदी. माल रात्री किंवा पहाटे येतो. इथेही तसं करता येईल.

तिसरी_पिढी

उपकार झाले. रात्री दोनला गठ्ठे उतरवायला हमाल तुम्ही येणार का? त्यांना दुप्पट मजुरी लागते आणि वर नारायणपेठी अर्ज देतील, "टेम्पोचा आवाज". सकाळी ८ ते १० द्या, मग बोलू. आणि चांदणी चौकात बंदी असून दुचाक्या घुसतात त्याचंही सांगा. आपल्याकडे पदपथावरून दुचाकी चालवणाऱ्या जनतेला तुम्ही रस्ता मोकळा करून देणार आहात!

नारायणपेठी

८ ते १० चालेल. अर्ज देणार नाही. (हे लिहून ठेवू नका.)

पायी_पायी

८ ते १० म्हणजे शाळेची आणि ऑफिसची वेळ. पण ठीक आहे, काहीच नाही त्यापेक्षा बरं. मात्र पायरीचं उत्तर अजून आलं नाही.

मानाचा_सहावा

दुकानदार एक ते चार उत्तर देत नाहीत.

आईची_पथारी

पुढची बैठक रात्री साडेनऊला, दुकानं मिटल्यावर, रस्त्यातच घ्या. आई येईल. खोकं घेऊनच येईल, बाकाची वाट बघत नाही ती.

सत्तरी_पार

तुमचं ठरेल तेव्हा ठरेल. येत्या शनिवारी आमच्या नातीचा बस्ता आहे. तिसरी_पिढी, मी तुमच्या पायरीवर थोडा वेळ बसले तर चालेल ना?

तिसरी_पिढी

पायरीवर कशाला आजी, आत गादी आहे, लोड आहे, चहा सांगतो. फक्त रिक्षा दारापर्यंत आणा. अजून येते तोवर.

पायी_पायी

म्हणजे पायरी आहे.