मदत हवी आहे: विम्बल्डनचे जुने विजेते तक्त्यात कसे दाखवावेत?

मंडळी, टेनिस शिकणाऱ्या मुलांसाठी विम्बल्डनच्या पुरुष एकेरी विजेत्यांचा तक्ता करतेय. गाडी अडलीय ती १९२२ च्या आधीच्या वर्षांवर. तोवर गतविजेता थेट शेवटच्या सामन्यातच उतरायचा. बाकीचे आपसांत झुंजून त्याचा आव्हानवीर ठरवायचे. विल्यम रेनशॉ १८८१ ते १८८६ सलग सहा वेळा जिंकला, पण त्यातली शेवटची पाच विजेतेपदं त्याने दरवर्षी एकच सामना खेळून राखली. १९७६ ते १९८० सलग पाच वेळा जिंकलेल्या ब्यॉर्न बोर्गला मात्र दरवर्षी सात फेऱ्या पार कराव्या लागल्या! दोघांना एकाच रकान्यात बसवणं मला पटत नाही, आणि रेनशॉला वगळणं तर सरळ अन्याय. वेगळा रंग द्यावा की तळटीप? तसंच त्या काळातल्या आव्हानवीरांची वर्षवार यादी कुणाकडे असेल तर कृपया पाठवा.