तिरका प्लॉट: कोन टाइप करू नका, रेफरन्स वापरा

ऑटोकॅड या नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये घणसोलीच्या तिरक्या प्लॉटवर इमारतीचा आराखडा बसवताना रोटेटमध्ये (वस्तू फिरवायची कमांड) ३७ अंश टाकूनही भिंत हद्दीला समांतर येत नाही, असं एकाने विचारलंय. चूक तुमची नाही. ऑटोकॅड कोन मूळ सेटिंगमध्ये पूर्ण अंशात दाखवतं, त्यामुळे ३७.४ असला तरी ३७ दिसतो. आणि ०.४ अंश म्हणजे ४० मीटर लांबीच्या टोकाला जवळपास २८ सेंटीमीटर! सामासिक अंतरात, म्हणजे इमारत आणि हद्द यांच्यामध्ये सोडायच्या मोकळ्या जागेत, हे चालायचं नाही.

म्हणून आकडा टाइपच करू नका. रोटेट द्या, वस्तू निवडा, आराखड्याचा कोपरा बेस पॉइंट (ज्याभोवती फिरवायचं तो बिंदू) घ्या, मग 'आर', म्हणजे रेफरन्स. आता त्याच कोपऱ्यावर आणि भिंतीच्या दुसऱ्या टोकावर एंडपॉइंट स्नॅपने (रेषेचं टोक अचूक पकडणारी सोय) क्लिक. नवा कोन विचारला की 'पी' (पॉइंट्स) देऊन हद्दीच्या रेषेची दोन टोकं त्याच दिशेने दाखवा; क्रम उलटला तर आराखडा १८० अंशात फिरतो. मूळ प्रत ठेवायची असेल तर 'आर'च्या आधी 'सी' (कॉपी).

एक कळकळीची विनंती. सोयीसाठी सर्व्हेचं ड्रॉइंग कधीही फिरवू नका. वाशीच्या एका कामात आम्ही ते सरळ करून घेतलं आणि टोटल स्टेशनचे (मोजणीचं यंत्र) सगळे ईस्टिंग-नॉर्दिंग, म्हणजे पूर्व-उत्तर दिशेचे निर्देशांक, गेले. खुणा पुन्हा टाकण्यात दोन दिवस मोडले. सरळ बघायचंय ना? यूसीएस (आपण ठरवतो ते अक्ष) हद्दीच्या रेषेवर लावा, मग त्या अक्षांप्रमाणे दृश्य सरळ करणारी प्लॅन कमांड. फक्त दृश्य फिरतं, निर्देशांक जागेवर राहतात.