अनुभव धागा: ला पाझ, कुस्को, पोतोसी... अँडीजमधली उंचावरची शहरं

रानवारा
काल भाचीचा फोन आला. लेहला निघालीये. "मावशी, पोचल्या दिवशी खरंच नुसतं झोपून राहायचं का गं?" फोन ठेवला आणि माझ्या डोक्यात लेहऐवजी ला पाझ सुरू झालं. नवऱ्याच्या कामामुळे आम्ही बोलिव्हियात राहिलो होतो, त्याला आता बरीच वर्षं झाली.

विमान एल आल्तोला उतरतं, ४,००० मीटरच्याही वर. आधी सपाट पठार, बिनगिलाव्याची विटांची घरं, मिनीबसवाल्यांचा कलकलाट. मग एका वळणावर कडा संपतो आणि अख्खं शहर खाली दरीत दिसतं, समोर बर्फाने झाकलेला इल्लिमानी. ६,४०० मीटरचा डोंगर शहराच्या कुठल्याही गल्लीतून असा दिसत राहतो.

आमच्या घरमालकीणबाईंनी दारातच सांगितलं होतं, "हळू चालायचं, थोडं खायचं आणि एकटं झोपायचं." तिथे सगळेच पाहुण्यांना हे सांगतात. तिसऱ्या सूचनेला सगळे हसतात, पण पहिल्या दोन अगदी मनापासून पाळायच्या. रात्रीचं जेवण म्हणजे नुसतं सूप, जिना चढताना मध्ये थांबायचं आणि थांबण्यात लाज वाटून घ्यायची नाही. तिथली माणसंही चढावर थांबतात.

एक गोष्ट तिथे राहिल्यावरच कळली. पैसेवाले खाली राहतात. दक्षिणेकडचा झोना सूर हा भाग मुख्य शहरापेक्षा तीनेकशे मीटर खाली, तिथे थंडी कमी आणि श्वासही सुटा. गावाकडून आलेली आयमारा आदिवासी कुटुंबं वर एल आल्तोत, वाऱ्यात. या दोघांना जोडणारे केबलकार २०१४ मध्ये सुरू झाले. आधी लाल, मग पिवळा आणि हिरवा मार्ग, झेंड्याचेच रंग. ती जत्रेतली मौज नाही, रोज कामावर जायचं वाहन आहे. माझ्या शेजारी भाजीचं गाठोडं पाठीला बांधलेल्या आज्या बसायच्या आणि खाली गच्च्यांवर वाळत घातलेले कपडे दिसायचे.

तुमच्यापैकी कोण कोण गेलंय तिकडे? लिहा ना. कुस्को, कीतो, काहीही चालेल.

पाटीलबुवा
बसमधून लिहितोय, नंतर नीट लिहीन. एर्नांदो सिलेस स्टेडियम पाहिलं का? ३,६०० मीटरवर फुटबॉल! २००९ ला अर्जेंटिनाला ६-१ ने हरवलं होतं इथे, मॅराडोना प्रशिक्षक असताना. त्याआधी २००७ ला फिफाने २,५०० मीटरच्या वर सामने नकोत म्हणून ठरवलं, तर बोलिव्हियाचे राष्ट्राध्यक्ष एवो मोरालेस स्वतः विरोधात उतरले. माणूस जिथे जन्मतो तिथे त्याला खेळता आलं पाहिजे, यात मी पूर्णपणे त्यांच्या बाजूने.

अनुजा_नाशिक
वाचतेय. कुकरची शिट्टी झाली की येते :)

डॉ_कावेरी
ओपीडी संपली, पटकन लिहिते. हवेत ऑक्सिजनचं प्रमाण तिथेही २१ टक्केच असतं. कमी असतो तो हवेचा दाब. ला पाझला समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश. म्हणून श्वास जलद होतो, लघवी वाढते, झोप तुटते. रात्री श्वास मध्येच थबकल्यासारखा होऊन दचकून जाग येते, त्याने घाबरून जाऊ नये. शरीर जुळवून घेत असतं.
घाबरायचं ते याला: बसल्या जागी धाप, ओला खोकला, चालताना तोल जाणं, असंबद्ध बोलणं. अशा वेळी सकाळपर्यंत थांबायचं नाही, लगेच खाली उतरायचं. तरुण आहे, धावपटू आहे, म्हणून त्रास होणार नाही असं अजिबात नाही.
रानवारा, भाचीला सांगा डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, घ्यायची तर आपल्या डॉक्टरांना विचारूनच. सल्फाची अॅलर्जी असेल तर आधी सांगावं.

रानवारा
धन्यवाद डॉक्टर, जसंच्या तसं पाठवलं तिला.

मुक्काम_पोस्ट
आम्ही पेरूमधलं कुस्को केलं. आमच्या टूरवाल्याने (नाव नको) पहिल्याच दुपारी साक्सायवामान या इंका किल्ल्याच्या चढावर नेलं. सासूबाई अर्ध्यातच बसल्या, ओठ निळसर. एक कानातले विकणारी बाई आपलं दुकान सोडून आली, त्यांना पाण्याची बाटली दिली, हात चोळत बसली. पैसे देऊ केले तर घेतले नाहीत. अजून सासूबाई तिची आठवण काढतात.
जाणाऱ्यांसाठी: कुस्को ३,४०० मीटर, माचू पिच्चू त्याच्या हजारेक मीटर खाली. म्हणून विमानातून उतरल्यावर सरळ ओयान्तायताम्बोकडे जा, २,८०० मीटर, तिथे झोपा. कुस्को परतीला नीट बघा. कोरिकांचाचे, म्हणजे इंकांच्या सूर्यमंदिराचे, दगड बघायला शांत मन पाहिजे. १९५० च्या भूकंपात वरचं स्पॅनिश बांधकाम पडलं आणि खालची इंका भिंत तशीच उभी राहिली.

गोदाकाठ
सासूबाई बऱ्या आहेत ना आता?

मुक्काम_पोस्ट
हो हो, ठणठणीत. रोज गंगापूर रोडला फिरायला जातात.

अनुजा_नाशिक
आले. अय्या, गंगापूर रोड! आम्ही कॉलेज रोडला.
बरं, माझा खरा प्रश्न: तिथे वरण-भात शिजतो का?

रानवारा
कुकरशिवाय नाही. पाणी ८८ अंशाच्या आसपासच उकळतं. उघड्या पातेल्यात तूरडाळ टाकली तर जेवायची वेळ टळून जाते. चहासुद्धा जास्त वेळ उकळावा लागतो. मी इथून कुकर नेला होता आणि शेजारच्या बाई त्यांचे वाटाणे त्यात शिजवून न्यायच्या. बदल्यात मार्राकेता, तिथला कडक पाव, गरम गरम.

तांबडा_पांढरा
शाकाहारी लोकांचं काय होतं हो तिथे? मी खातो सगळं, पण बायको नाही.

रानवारा
किनवा, मका, चीज, आवाकाडो, आणि बटाटे. बटाट्यांचे रंग बघून वेड लागतं, जांभळे, काळे, गुलाबी. सकाळी आपी मोरादो, जांभळ्या मक्याचं गरम दाट पेय, दालचिनी घातलेलं. सूप मात्र विचारून घ्या, बहुतेकांत मांस असतं.
आणि चुन्यो! जून-जुलैच्या कडक थंडीत रात्री बटाटे उघड्यावर गोठवतात, सकाळी पायांनी तुडवून पाणी काढतात, उन्हात वाळवतात. आपल्या आज्यांचं उन्हाळी वाळवण, तसंच हे त्यांचं हिवाळी. वर्षानुवर्षं टिकतं.

शेवंता
आज एकादशी आणि तुम्ही बटाट्यावर बोलताय :) पण विचार करा, आपलं उपासाचं ताट किती तिकडचं आहे. बटाटा टिटिकाका सरोवराच्या परिसरातला. शेंगदाण्याचं मूळ दक्षिण बोलिव्हिया नि उत्तर अर्जेंटिनाकडचं. मिरचीही अमेरिका खंडातलीच. साबुदाणा ज्या कंदाचा करतात तोही दक्षिण अमेरिकेतला. मला फार आनंद होतो हे सांगायला, शेतकी कॉलेजात शिकवते म्हणून असेल.

तांबडा_पांढरा
बाई, साबुदाण्याची खिचडी बोलिव्हियन?! आईला सांगतो आत्ता.

शेवंता
खिचडी आपलीच हो. सामान त्यांचं.

कोरा_कागद
मी पोतोसीबद्दल लिहितो, थोडं मोठं होईल.
पोतोसी ला पाझहूनही उंच, ४,००० मीटरच्या वर. गावामागे सेर्रो रिको, तांबूस शंकूसारखा डोंगर. १५४५ मध्ये तिथे चांदी सापडली आणि पुढे हे गाव जगातल्या मोठ्या शहरांत गणलं जाऊ लागलं. १५७० च्या दशकात स्पॅनिश व्हाइसरॉय तोलेदोने 'मिता' ही वेठबिगार लावली. गावोगावच्या आदिवासी पुरुषांना पाळीपाळीने खाणीत पाठवायचे. किती परत आले नाहीत याचा हिशेब लागत नाही.
मला नाण्यांचा नाद आहे, म्हणून तिथली टांकसाळ, कासा दे ला मोनेदा, बघायला गेलो. चांदीचे पत्रे दाबणारी प्रचंड लाकडी यंत्रं आहेत, खालच्या मजल्यावर खेचरं जुंपून फिरवायचे. तिथे उभा असताना सुरत आठवत होती. या चांदीची रेआल नावाची स्पॅनिश नाणी युरोपमार्गे आणि मनिलामार्गे आशियात आली, व्यापाऱ्यांनी ती सुरतेच्या टांकसाळीत दिली आणि त्यांचे मुघल रुपये पडले. महाराजांनी १६६४ मध्ये सुरत लुटली तेव्हा राजगडावर आलेल्या चांदीत या डोंगराची चांदी असणारच, असं मला मनोमन वाटतं. ते बोलताना माझा आवाज दाटला होता, गाइडने विचारलं बरं वाटतंय ना.
खाणी आजही चालू आहेत. आत 'एल तिओ' असतो, शिंगं असलेली मातीची मूर्ती. कामगार त्याच्यापुढे कोकाची पानं, सिगारेट, दारू ठेवतात. पोरसवदा मुलं गालात कोकाची गोळी धरून काम करतात. पर्यटक म्हणून आत जायचं की नाही हे ज्याने त्याने ठरवावं. मी गेलो नाही. माणूस जिथे फुप्फुसं घालवून पोट भरतो तिथे मला कॅमेरा घेऊन उभं राहायचं नव्हतं.

डॉ_कावेरी
सिलिकोसिस, दगडाच्या धुळीने होणारा फुप्फुसांचा आजार. वाचून बरं नाही वाटलं. छान लिहिलंत पण.

पाटीलबुवा
घरी पोचलो. कोरा कागद, मुजरा. नाण्यांचे फोटो टाका.

सई_बंगळूर
कोकाचा चहा घेतला का कुणी? माझा मित्र पिशवी भरून आणणार म्हणतोय.

रानवारा
तिथे सगळीकडे मिळतो आणि रीतसर आहे. पाहुणा आला की तोच पुढे येतो. पण त्याला सांग आणायचा नाही! आपल्याकडे १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्यात कोकाचं पान येतं. शिवाय नोकरीच्या ड्रग टेस्टमध्ये नुसता चहाही दिसू शकतो.

सई_बंगळूर
बापरे. आत्ताच फोन करते त्याला.

निळी_छत्री
मला ला पाझच्या चोलिता, पारंपरिक वेशातल्या आदिवासी बायका, आठवतात. घेरदार पोयेरा (घागरा), दोन वेण्या, डोक्यावर बोलर हॅट. एके काळी त्यांना चांगल्या हॉटेलांत, चौकांत येऊ देत नसत. आता त्या मंत्री होतात, टीव्हीवर बातम्या देतात. २०१९ मध्ये त्यांच्यातल्या काही जणी पोयेरा नेसूनच अकोन्काग्वावर चढल्या, ६,९६१ मीटर. आधी त्या गिर्यारोहकांसाठी तळावर स्वयंपाक करायच्या. माझ्या लेकीच्या खोलीत त्यांचा फोटो लावलाय.

बाबा_जोशी
नमस्कार. मुलगा आणि सून ला पाझला आहेत, नातू झालाय. मी ६८, बीपीची गोळी चालू. मुंबईहून थेट एल आल्तोचं तिकीट बघत होतो. हा धागा वाचून जरा विचारात पडलोय.

डॉ_कावेरी
काका, अभिनंदन! आधी हृदयाची तपासणी करून घ्या, तुमच्या डॉक्टरांना उंची किती ते आकड्यात सांगा. गोळ्या सोबतच्या बॅगेत. आणि थेट वर जाऊ नका.

रानवारा
काका, सांताक्रूझला उतरा, ते साधारण ४०० मीटरवर आहे. मग कोचाबांबा, २,५०० च्या आसपास, हवा पुण्यासारखी. तिथे थोडे दिवस राहून ला पाझ. मुलाचं घर झोना सूरला असेल तर आणखी बरं.

बाबा_जोशी
झोना सूरलाच आहे. मुलगा म्हणतो तो कोचाबांबाला नातवाला घेऊन येईल. तिकीट बदलतो. हिला कुकर न्यायचाच आहे, मोठा नेऊ की लहान?

अनुजा_नाशिक
मोठा न्या काका, शेजारणी येतील वाटाणे घेऊन.