'लॉगिंग बी'ला मराठीत काय म्हणाल?

तळ्याकाठची: मंडळाच्या अंकासाठी कॅनडात ऑन्टारियोतल्या मस्कोका तळ्याकाठच्या पहिल्या वस्त्यांवर लिहितेय. १८६८ च्या कायद्याने तिथे १०० एकर फुकट मिळायचे. अट अशी की ५ वर्षांत १५ एकर रान तोडून लागवडीला आणायचं आणि घर बांधून राहायचं. एकट्याचं काम नव्हे. शेजारी बैल घेऊन जमत, ओंडके ओढून ढीग लावत, जाळत. यजमानाकडे जेवण आणि व्हिस्की. ही 'लॉगिंग बी'. भाषांतराच्या यंत्राने 'ओंडक्यांची मधमाशी' दिलंय. वाचवा!

बांधावरचा: इर्जिक! ज्याची नांगरट मागे राहिली त्याच्याकडे सगळी आळी औतं घेऊन जायची. रात्री मटण.

तळकोकण: इर्जिकीत परतफेड नसते. आलटून पालटून एकमेकांकडे जायचं ती सावड.

बांधावरचा: नसते कशी? आमचा आज्या एक वर्ष गेला नाही, तर पुढच्या वर्षी आमच्या रानात कुत्रं फिरकलं नाही.

शुद्धमती: 'श्रमदान' असताना हा खटाटोप कशाला? 'इर्जिक'ही मुळात 'ऊर्जा'वरूनच आला असणार.

बांधावरचा: मग खारीक 'खार'वरून? आणि व्हिस्की पिऊन श्रमदान कोण करतं, ताई?

डोंगरआळी: पडकई घ्या. आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरात महादेव कोळी घरं मिळून उतारावर भातखाचरं काढतात, आज याचं, उद्या त्याचं. इर्जिकीत शेत आधीच असतं. इथे तर शेतच नवं काढायचंय.

तळ्याकाठची: हे नेमकं बसतंय! पण टोरंटोत पडकई कुणाला कळणार? आणि 'सेटलर'ला वसाहतकार लिहिलंय, चालेल?

मोडीवाचक: वसाहतकार म्हटलं की टोपीवाला गव्हर्नर दिसतो. आपल्या जुन्या कागदांत पिढीजात हक्काचा तो मिरासदार, बाहेरून येऊन कसणारा तो उपरी. तिथली मिरास मूळच्या अनिशिनाबे लोकांची. उपरी ५ वर्षांत मिरासदार झाले.

तळकोकण: उपऱ्याला मालकी कुठे असते? यांना तर सरकारी कागद मिळाला. शब्द चुकतोय.

मोडीवाचक: कागद कुणी, कुणाच्या जमिनीचा दिला, तेही बघा की.

तळ्याकाठची: अहो, 'बी'चं काय? उद्या अंक छपाईला जातोय.

बांधावरचा: इर्जिक लिही, ताई. आणि इर्जिकीचा रस्सा पातळच असतो, तेवढं घाल.

तळकोकण: पातळ? मग खाऊन राबायचं कसं?