अनुभव धागा: इंजिनिअरिंग करताना अप्लाइड मॅथ्सचा मायनर घेतलेल्यांनी लिहा

माझा मावसभाऊ यंदा दुसऱ्या वर्षाला गेला. परवा रात्री त्याचा फोन आला, "दादा, मायनरचा फॉर्म शनिवारपर्यंत भरायचाय. मॅथ्स घेऊ का?" मी माझ्यापुरतं सांगितलं, पण एकाच्या अनुभवावर कुणी दोन-तीन वर्षांचा निर्णय घेऊ नये. म्हणून हा धागा. (मायनर म्हणजे मुख्य शाखेबरोबर दुसऱ्या एका विषयाचे काही पेपर.) सांगली, सातारा, कराड, इस्लामपूर या पट्ट्यात ज्यांनी घेतला, अर्ध्यात सोडला किंवा घेतला नाही म्हणून हळहळले, त्या सगळ्यांनी लिहा.

नियमाचं थोडक्यात सांगतो. एआयसीटीईच्या, म्हणजे देशाच्या तंत्रशिक्षण परिषदेच्या आराखड्यात बी.टेक. 160 क्रेडिटची आणि मायनरसाठी वर 18 ते 20 क्रेडिट. म्हणजे साधारण पाच-सहा पेपर जादा. नव्या शैक्षणिक धोरणानंतर काही ठिकाणी मायनर पदवीच्या आतच बसवलाय, तेव्हा आपल्या बॅचला कुठला नियम लागू आहे ते परीक्षा विभागात विचारूनच फॉर्म भरा.

सुरुवात माझ्यापासून.

स्थापत्य, सांगली, 2022 ला पास झालेली बॅच

आमचं घर गावभागात. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं. धोक्याची पातळी 45 फूट, त्यावरून कल्पना करा. त्या आठवड्यात घरात, गल्लीत, शाळेतल्या निवारा केंद्रात एकच प्रश्न होता, "कोयनेतून किती सोडलं?" आकडा सगळ्यांना पाठ, पण त्याचं सांगलीत काय होणार हे कुणाला सांगता येईना. मी तेव्हा दुसऱ्या वर्षाला होतो. मायनरचा फॉर्म भरला तो त्या पुराच्या चिखलातून वर आल्यावर.

न्यूमरिकल मेथड्सच्या (आकडे घालून पायरी-पायरीने उत्तर काढायच्या पद्धती) प्रोजेक्टला मी कराड ते सांगली हाच टप्पा घेतला. एक लाख क्युसेक (सेकंदाला एक लाख घनफूट) दिवसभर सोडलं तर 8.64 टीएमसी (अब्ज घनफूट) होतात हे गणित शाळेतलं पोरही करेल. पुढचं अवघड. नदीपात्र पाणी धरून ठेवतं आणि मग सोडतं, ते मांडायला मस्किंगम पद्धत वापरली. पाणी पोचायला लागणारा वेळ, म्हणजे के, 12 तास धरला आणि एक्स, म्हणजे पात्रातल्या साठ्यात वरून येणाऱ्या पाण्याला दिलेलं वजन, 0.2. आकडे दर तासाचे घेतले, कारण वेळेची पायरी जितकी लहान तितकं उत्तर अचूक हे डोक्यात पक्कं बसलेलं.

उत्तर काय यावं? कराडला पाणी चढतंय आणि त्याच वेळी सांगलीत उतरतंय! तीन रात्री मी प्रोग्राममधली चूक शोधत होतो. ती तिथे नव्हतीच. या पद्धतीत पायरी 2 × के × एक्स पेक्षा लहान घेतली की बिघडतं, आणि इथे ती हद्द 4.8 तासांची होती. एक तास घेतल्यावर पहिला गुणक उणे 0.19 येतो, म्हणजे वरून आलेलं पाणी खालच्या आकड्यातून चक्क वजा होतं. सहा तासांची पायरी घेतली आणि आलेख जागेवर आला.

हायड्रॉलॉजीच्या पेपरात हेच सूत्र मी याआधी दोनदा घोकून लिहिलं होतं. पुरात ज्याचं घर गेलंय त्याच्यासाठी असा आकडा काढायचा असेल तर सूत्र कुठे मोडतं हे माहीत असलंच पाहिजे, असं मला फार वाटतं.

वेळेचं विचाराल तर पाचव्या आणि सहाव्या सेमिस्टरला जीव मेटाकुटीला आला. सबमिशन, ओरल आणि मायनरची टेस्ट, सगळं एकाच आठवड्यात.

इलेक्ट्रिकल, सातारा, शेवटचं वर्ष

माझे काका चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांच्या देखभालीला आहेत. सुट्टीत त्यांच्याबरोबर जायचे. प्रोबॅबिलिटीच्या पेपरात वाइबुल डिस्ट्रिब्यूशन (कुठली किंमत किती वेळा येते ते मांडणारं एक सूत्र) आलं आणि मॅडम म्हणाल्या, वाऱ्याचा वेग असाच मांडतात, तेव्हा मी वर्गात ताठ बसले.

वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनावर जाते. समजा निम्मा वेळ वारा सेकंदाला 4 मीटर आणि निम्मा वेळ 8 मीटर. सरासरी 6, तिचा घन 216. पण दोघांचे घन वेगवेगळे काढून सरासरी घेतली तर 288. एक तृतीयांश जास्त! नुसत्या सरासरी वेगावर हिशोब केला की इतका फरक पडतो. काकांना कागदावर काढून दाखवलं. ते म्हणाले, "म्हणून नुसती सरासरी बघून आम्ही कधी काही ठरवत नाही." त्यांना अनुभवातून ठाऊक होतं, मला घनातून कळलं.

ज्यांना मेन ब्रँचमध्ये केटी (राहिलेला विषय) आहे त्यांनी मात्र आधी ती काढावी.

मेकॅनिकल, डिप्लोमातून थेट दुसऱ्या वर्षाला

मी दोन पेपर करून सोडला. खरं तेच लिहितो. डिप्लोमाच्या मुलांचं एम-वन, एम-टू, म्हणजे पहिल्या वर्षाचं गणित, झालेलं नसतं. बाकीचे पुढे पळत होते आणि मी आंशिक अवकलन म्हणजे काय इथे अडकलेलो. फॉर्म भरताना आमच्या कॉलेजने ऑप्टिमायझेशन शिकवू म्हणून सांगितलं, पुढे शिकवायला माणूसच नाही म्हणून एनपीटीईएलचा बारा आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स करायला लावला. त्याची परीक्षा आणि आमची प्रॅक्टिकल एकावर एक आली. विचारायला कुणी नव्हतं. सोडल्याचं दुःख नाही, पण दोन सेमिस्टरचे रविवार गेले त्याचं वाईट वाटतं. तेव्हा फॉर्म भरण्याआधी विचारा, शिकवणार कोण?

गणिताच्या निवृत्त प्राध्यापिका, मिरज

बाळा, तुझं वाचून वाईट वाटलं. डिप्लोमाच्या मुलांना उन्हाळ्यात महिनाभर बसवलं तर ती कुठेच कमी पडत नाहीत, हे मी अनेक वर्षं पाहिलंय. चूक तुझी नाही.

नव्या मुलांना सांगते, निवड असेल तर लिनिअर अल्जेब्रा आधी घ्या. आणि हे वहीत सोडवा: क्ष + य = 2 आणि क्ष + 1.001 य = 2. उत्तर येईल क्ष 2, य शून्य. आता दुसऱ्या समीकरणात उजवीकडे 2 च्या जागी 2.001 करा. क्ष 1, य 1. मोजताना फक्त 0.001 ची चूक झाली आणि उत्तर पार दुसरीकडे गेलं. संगणक दोन्ही उत्तरं सारख्याच आत्मविश्वासाने छापून देतो.

पालक, तासगाव तालुका

पोरीनं लिवायला सांगितलं म्हणून लिवतोय. आमचा बेदाणा आहे. ती केमिकलला, आणि हा गणिताचा कोर्स जादाचा. शेडवर येऊन मणी मोजत बसली. म्हणाली, पप्पा, पुस्तकाप्रमाणं दीडपट जाड मण्याला दीडाचा वर्ग, म्हंजे सव्वादोन पट दिवस लागायला पायजेत. म्हटलं, न्हाई लागत. तिनं माझं खोटं धरलं न्हाई. आठवडाभर बसली, मग सांगितलं की पाणी मण्याच्या आतल्या गरात कमी अन् सालीवरच्या मेणात जास्त अडतंय, म्हणून तो वर्गाचा हिशोब हितं लागत न्हाई. आम्ही डिपिंग ऑइलात मणी बुडवतो ते त्याच मेणासाठी. पोरीनं माझ्या कामाचं कारण मला सांगितलं. फी वाया गेली असं मी कधी म्हणणार न्हाई.

मेकॅनिकल, कराड

प्लेसमेंटला मायनरबद्दल एका शब्दाने कुणी विचारलं नाही. गेटला (एम.टेक.ची प्रवेश परीक्षा) इंजिनिअरिंग मॅथ्सचे 13 मार्क असतात, तिथे उपयोग झाला.

पुन्हा मी, सांगली

सगळ्यांचे मनापासून आभार. भावाला सगळं वाचायला दिलं. त्याने आधी कॉलेजात जाऊन शिकवणार कोण ते विचारलं, मग फॉर्म भरला. पहिला पेपर लिनिअर अल्जेब्रा. मिरजेच्या मॅडमची दोन समीकरणंही त्याला पाठवली होती. रात्री अकराला त्याने आलेख कागदाचा फोटो पाठवला. दोन रेषा इतक्या जवळ की पेन्सिलीची एकच जाड रेघ वाटावी, आणि त्या कुठे छेदतात ते त्याला काही केल्या ठरवता येत नव्हतं.