तुटक आहेत, पण म्हणून कच्च्या नाहीत

युक्रेनच्या युद्धकविता कार्यक्रमात ऐकायला भारी वाटतात, पण भाषांतर शांतपणे वाचलं की नुसत्या तुटक नोंदी उरतात, हे इथल्या चर्चेतलं मत अर्धंच पटलं. तुटक आहेतच. उदाहरणार्थ, युक्रेनची व्हिक्टोरिया अमेलिना मुळात कादंबरीकार. रशियाच्या २०२२च्या आक्रमणानंतर कवितेकडे वळली. युद्ध विरामचिन्हंसुद्धा खाऊन टाकतं, असं तिनं एका कवितेतच सांगितलंय.

शिवाय तेव्हा ती युद्धगुन्ह्यांच्या नोंदीच घेत होती, हे इथे कुणी लिहिलेलं दिसलं नाही. पूर्व युक्रेनमधल्या इझ्यूम शहराजवळचा लेखक व्होलोदिमिर वाकुलेंको यानं रशियन ताब्यातल्या दिवसांची डायरी बागेत चेरीच्या झाडाखाली पुरली होती. त्याला पकडून नेलं. गाव रशियन ताब्यातून सुटल्यावर सप्टेंबर २०२२मध्ये अमेलिनानं त्याच्या वडिलांसोबत ती शोधून काढली आणि खारकिवच्या साहित्य संग्रहालयात पोचवली. वाकुलेंकोचा मृतदेह पुढे इझ्यूमच्या सामूहिक दफनभूमीत सापडला. अमेलिना स्वतः पूर्व युक्रेनच्या क्रामातोर्स्क शहरातल्या रशियन क्षेपणास्त्र हल्ल्यात जखमी होऊन १ जुलै २०२३ला वारली. दिवसभर साक्षी लिहून घेणाऱ्या बाईच्या ओळी नोंदींसारख्या असणारच. त्यांना नुसता सादरीकरणाचा परिणाम म्हणणं मला घाईचं वाटतं.