गुळव्याचं कसब कागदावर उतरतं का?

खानापूर_ऊस
गुऱ्हाळातल्या नव्या पोरांसाठी लेखी टिपण करायचंय. रस गाळणं, भेंडीचं पाणी, मळी काढणं, एवढं लिहून होतं. अडतंय ते पाकाची काहील (मोठी कढई) चुलीवरून नेमकी कधी उतरवायची तिथं. जुने गुळवे म्हणतात, ‘हाताला कळतंय.’ हे शब्दांत मांडता येतं, की नाद सोडावा?

निपाणीकर
नाद कशाला सोडताय, प्रश्न बदला. ‘कसं कळतं’ याला कुणाकडंच उत्तर नसतं. चुलवाणाशी उभं राहा; गुळवे पाक झाला का बघायला थोडा पाक गार पाण्यात टाकून गोळी वळतात, त्या दर गोळीला विचारा, ‘आत्ताच उतरवली तर काय बिघडेल?’ मग ते सांगतात: फेस अजून बसला नाही, गोळी पाण्यात पसरतेय. पाक झाला की गोळी घट्ट धरते, काहिलीच्या काठावर आपटली की टण वाजते.

आणि गोळीचं पाणी दर वेळी ताजं, गार घ्यायचं, हे ठळक लिहा. एप्रिलात कोमट पाण्यात गोळी मऊच लागते, पोरगं पाक पुढं नेतं आणि गूळ काळा पडतो. जाणता गुळव्या पाणी न बोलता बदलतो, म्हणून टिपणात ते कधी येतच नाही.

रसायन_बेळगाव
थर्मामीटर लावा की. ढेपेचा गूळ 118 अंशांच्या आसपास, काकवी 105-106. आधी उकळत्या पाण्यात तपासा: बेळगाव साधारण 750 मीटर उंचीवर, इथं पाणी 97.5 च्या जवळ उकळतं. समुद्रसपाटीचा आकडा तसाच धरला तर पाक अडीच अंश पुढं जाईल. थर्मामीटरचं टोक तळाला टेकवू नका. आणि जाळ ओढला तरी काहील तापलेलीच असते, तेव्हा किंचित आधी थांबा.

निपाणीकर
आकडा हवाच, पण एकटा पुरत नाही. लोळलेला किंवा तोडून दोन-तीन दिवस पडलेला ऊस असला की रसातल्या साखरेचं ग्लुकोज-फ्रुक्टोज झालेलं असतं. त्याच अंशावर उतरवलेला गूळ मग रवा धरत नाही, चिकटच राहतो. अशा वेळी गुळव्या पाक जरा पुढं नेतो. म्हणून दर काहिलीपुढं नोंद ठेवा: ऊस कुठला, तोड कधीची, रसात चुना किती घातला, अंश किती, दुसऱ्या दिवशी ढेप कशी.

खानापूर_ऊस
पण ‘घट्ट’ म्हणजे किती घट्ट, हे कसं लिहायचं काका?

निपाणीकर
ते लिहून कळणार नाही. एकाच काहिलीतल्या तीन गोळ्या दोन-दोन अंशांच्या अंतरानं काढा, तीन वाट्यांत गार पाण्यात ठेवा, आणि पोरांना लगेच एकापाठोपाठ दाबायला द्या. टिपणात फक्त कोणती गोळी कितव्या अंशाची, तेवढं नोंदवा.